मेजर राम राघोबा राणे : एक उशिरा केलेली दुरुस्ती

आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, नववीत असताना 26 जानेवारीच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तोपर्यंत माझं नाव फक्त उशिरा येणाऱ्यांच्या यादीत वाचलं जायचं. पहाटे बाबांबरोबर होडीवर जायचं, ससून डॉकला मासळी उतरवायची, मग अंघोळ करून शाळा. बाकावर शेजारी बसणारे नाक मुरडायचे, त्यांचा राग नाही. त्या दिवशी मात्र सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो आईने तीस वर्षं वापरला.

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने काहीतरी लिही म्हणून सांगितलं, तेव्हा ते भाषणच डोळ्यांसमोर आलं. कारण त्या भाषणात मी एका जिवंत माणसाला मारून टाकलं होतं. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही सगळे आणि बाई त्याचे साक्षीदार आहात, म्हणून दुरुस्तीही तुमच्यासमोरच करतो.

विषय मला सापडला तो समुद्रात. 1985 चा पावसाळा नुकताच संपला होता. आमची होडी कुलाब्याचं टोक वळसा घालून बंदराच्या बाजूला येत होती आणि समोर तेलाचं एक मोठं जहाज नांगर टाकून उभं होतं. आमची होडी त्याच्यापुढे काडेपेटीएवढी. बाबांना इंग्रजी वाचता येत नसे. त्यांनी मला विचारलं, नाव काय लिहिलंय. मी अक्षरं जुळवत वाचलं : लेफ्टनंट राम राघोबा राणे, पीव्हीसी. राणे नाव वाचून बाबा एकदम खूश झाले. एवढ्या मोठ्या जहाजाला आपल्याकडच्या माणसाचं नाव! पण पीव्हीसी म्हणजे काय ते दोघांनाही कळेना. आम्हाला ठाऊक असलेलं पीव्हीसी म्हणजे पाण्याचा पाइप.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तोच प्रश्न विचारला आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर परमवीर चक्र असं लिहिलं. नरिमन पॉइंटला ज्यांचं मुख्य कार्यालय आहे त्या शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली आहेत, हेही सांगितलं. मी पाहिलेलं जहाज 1984 च्या ऑगस्टमध्ये ताफ्यात आलेलं, म्हणजे नवं कोरं होतं. मग बाईंनी स्पर्धेसाठी हाच विषय मला दिला. सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकातून राण्यांबद्दलच्या पाच-सहा ओळी उतरवून घेतल्या. बाकीचं मी माझ्या डोक्यातून घातलं. आणि शेवटी, चौथ्या दिवशी, रणगाड्याखाली रांगत असताना सुरुंग फुटून राण्यांना वीरमरण आलं असं सांगून टाकलं. कारण सरळ होतं. परमवीर म्हटल्यावर माणूस मेलाच पाहिजे, अशी माझी पक्की समजूत होती. तो जगला असेल ही शंकासुद्धा मनात आली नाही. बाईंनी पदराने डोळे पुसले. घरी येऊन बाबांना तसंच सांगितलं, आणि त्यानंतर ते जहाज दिसलं की बाबा छातीशी हात नेऊन नमस्कार करत.

राणे तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते.

आता खरी हकीकत. त्यांचा जन्म 26 जून 1918 चा. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. वडील पोलिसात शिपाई होते. बदल्या होत, त्यामुळे मुलाची शाळा एका जागी झाली नाही. 1930 च्या आंदोलनाच्या दिवसांत पोराच्या डोक्यात चळवळीचं वारं शिरलं. पोलीस शिपायाच्या घरात ते परवडणारं नव्हतं, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड गावी चेंडियाला हलवलं. पुढे दहा वर्षांनी, 10 जुलै 1940 रोजी, हाच मुलगा बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाला. आज आपण त्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतो, पुण्याजवळ खडकीला त्यांचं केंद्र आहे.

सॅपर म्हणजे काय हे इथे सांगायला हवं, कारण माझ्या भाषणात तेही चुकलं होतं. मी राण्यांच्या हातात मशीनगन दिली होती. सॅपरचं काम गवंडी, सुतार, बेलदार आणि सुरुंगवाला यांचं मिळून असतं. पूल बांधायचा, नाही तर उडवायचा. रस्ता करायचा, शत्रूने पेरलेले सुरुंग हाताने उकरून काढायचे. आपल्या तोफा, रणगाडे, दारूगोळ्याच्या आणि पिठाच्या गाड्या पुढे जायच्या तर त्यांच्याआधी तिथे सॅपरचं पाऊल पडलेलं असतं. रणगाड्यातला माणूस जाड पोलादाच्या आड बसतो. सॅपर त्याच रणगाड्याच्या पुढे गुडघ्यावर बसून माती चाचपत असतो.

राणे प्रशिक्षणात आपल्या तुकडीत पहिले आले आणि कमांडंटची छडी त्यांना मिळाली. मग 28 फील्ड कंपनीतून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. आराकानची पहिली मोहीम फसली आणि सैन्य मागे हटू लागलं, तेव्हा बुथिडाँगला राण्यांना दोन सेक्शन घेऊन मागे ठेवण्यात आलं. दारूगोळ्याचा साठा जपानी लोकांच्या हाती लागू नये म्हणून तो नष्ट करायचा होता. काम उरकल्यावर नौदलाचं जहाज येऊन त्यांना नेणार, असं ठरलं होतं. ते जमलं नाही. जपानी गस्त असलेली नदी त्या थोड्या माणसांनी आपल्या हिमतीवर ओलांडली आणि पायी चालत आपली डिव्हिजन गाठली. राणे हवालदार झाले. आम्हा समुद्रावरच्या लोकांना न आलेल्या जहाजाची वाट पाहणं म्हणजे काय ते चांगलं कळतं. माझ्या भाषणात हे हवं होतं असं आता वाटतं, पण त्या पाच-सहा ओळींत ते नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं आणि चार महिन्यांनी, 15 डिसेंबर 1947 रोजी, ते सेकंड लेफ्टनंट झाले. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस अधिकारी झाला. वय एकोणतीस. त्या वयाला अनेक अधिकारी कॅप्टन-मेजर असतात. खांद्यावर तारा लागून चार महिने होतायत न होतायत तोच एप्रिल 1948 उजाडला.

काश्मीरमध्ये तेव्हा नौशेराहून राजौरीकडे कूच करायची होती. राजौरी नोव्हेंबरपासून हल्लेखोरांच्या ताब्यात होती. तिथल्या लोकांवर जे ओढवलं होतं त्याच्या बातम्या येत होत्या, आणि उशीर होईल तसा तो आकडा वाढणार हे उघड होतं. रस्ता एकच. डोंगराला साप गुंडाळावा तसा, आणि तोही जागोजागी तोडलेला. आडवी पाडलेली पाइनची झाडं, उडवलेल्या मोऱ्या, ढासळवलेले भराव आणि त्यांच्या आजूबाजूला पेरलेले सुरुंग. वर डोंगरात मशीनगन लावून बसलेला शत्रू. पायदळ चौथ्या डोग्रा बटालियनचं, बरोबर सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे. रस्ता मोकळा करायचं काम 37 असॉल्ट फील्ड कंपनीच्या तुकडीकडे, आणि तुकडीचे प्रमुख राणे.

परमवीर चक्र देताना सरकारने जो मजकूर प्रसिद्ध केला तो मी पुढे नीट वाचला. अशा मजकुरात मोठमोठे शब्द असणार अशी माझी अपेक्षा होती. ते आहेतच थोडे. पण बाकी सगळा मजकूर म्हणजे चक्क घड्याळाचा हिशोब आहे, गोदीतल्या पाळीच्या नोंदवहीसारखा. तो हिशोबच तुम्हाला सांगतो.

8 एप्रिल. सकाळी अकराला नदपूरजवळ राणे आणि त्यांची माणसं रणगाड्यांपाशी काम सुरू करायच्या तयारीत उभी होती. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः. हे पहिल्या दिवशी, कामाला हात लागण्याआधी. माझ्या भाषणात ही जखम मी शेवटी टाकली होती, कारण गोष्टीत ती तिथे शोभते. प्रत्यक्षात पुढचं सगळं काम त्यांनी ती जखम घेऊन केलं. उरलेल्या माणसांची तुकडी पुन्हा जुळवली आणि लगेच रणगाड्यांसाठी वाट काढायला सुरुवात केली. दुपारी साडेचारच्या सुमाराला डोग्रांनी बरवालीची धार जिंकली. आसपासचा शत्रू अजून हटलेला नव्हता, हे ठाऊक असूनही राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि वळणरस्ता खोदायला लागले. रात्री दहापर्यंत, शत्रूला समोर दिसत असताना, मशीनगनच्या माऱ्यात.

9 एप्रिल. सकाळी सहाला पुन्हा सुरू. दुपारी तीनला वळणरस्ता तयार. रणगाडे निघाले तसे राणे सगळ्यात पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर आडवी झाडं. उतरले, सुरुंग लावून उडवली. आणखी तीनशे यार्डांवर तेच. पाचला उडवलेली मोरी, आणि वरून गोळीबार. बाजूने वाट काढली. सव्वासहाला, उजेड जात असताना, पाच मोठी पाइनची झाडं, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगन. राणे त्या सुरुंगांना हात घालायला लागले होते. पण रणगाड्यांच्या प्रमुखाने अंधार पाहून सगळ्यांना मागे आडोशाला घेतलं.

10 एप्रिल. पहाटे पावणेपाचला ते त्याच झाडांपाशी परत हजर. साडेसहाला अडथळा दूर. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रांगच होती, ती साडेदहापर्यंत मोकळी केली. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. जहांगीर बादशहा काश्मीरहून परतताना वाटेत वारला, त्याच्या नावाशी जोडलेली जुनी सराई तिथे आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रणगाडे पोचले म्हणजे लढाईच्या दृष्टीने राण्यांचं काम झालं होतं. कुणी बोट ठेवलं नसतं. पण मागे शिधा, दारूगोळा आणि जखमींना न्यायच्या गाड्या होत्या, आणि त्या काही नदीच्या पात्रातून जाऊ शकत नव्हत्या. राणे मागे राहून त्यांच्यासाठी रस्ता साफ करत बसले. पोटात अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत.

11 एप्रिल. सकाळी सहा. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. मग पुढचा, रात्री दहापर्यंत. 12 तारखेला आपलं सैन्य राजौरीत शिरलं.

मी बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. सोळा-सोळा तास वाकून काम केल्यावर हात कसे थरथरतात ते मला माहीत आहे, आणि माझ्या पान्याखाली सुरुंग नसतो. म्हणून या हिशोबातलं मला सर्वांत थोर काय वाटतं, तर ती पहाटेची पावणेपाचची वेळ. आदल्या संध्याकाळी ज्या झाडांपाशी मरण समोर दिसलं, तिथे रात्रभर विचार करायला वेळ मिळाल्यावर माणूस अंधारात उठून परत गेला. पहिल्या वेळी माणूस धुंदीत जाऊ शकतो. दुसऱ्यांदा तसं होत नाही. रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत त्यांनी रणगाडा पुढे नेला असंही सांगतात. मला शाळेत तेवढंच आवडलं होतं. आता पावणेपाच जास्त आवडतं.

ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी परमवीर चक्र अस्तित्वातच नव्हतं. म्हणजे राण्यांच्या डोळ्यांसमोर पदक असण्याचा प्रश्नच नाही. ही पदकं 26 जानेवारी 1950 ला सुरू झाली आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमांना लागू केली गेली. राण्यांचं पदक जाहीर झालं ते 21 जून 1950 ला. पदकाची रचना केली सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने स्वित्झर्लंडच्या, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्या झालेल्या, मराठी आणि संस्कृत शिकलेल्या. पदक सोन्याचं नाही, चांदीचंही नाही. साधं कांस्य, दीड इंचाहूनही लहान, जांभळ्या फितीला लटकणारं. त्यावर इंद्राचं वज्र चार वेळा कोरलेलं आहे. ज्या वज्रासाठी दधिची ऋषींनी स्वतःची हाडं दिली ते. दधिचीची गोष्ट तर देहत्यागाचीच. त्यामुळे माझी शाळकरी समजूत अगदीच आभाळातून पडली नव्हती. आजवर एकवीस जणांना हे पदक मिळालं, त्यातल्या चौदा जणांना मरणोत्तर. 1947-48 च्या युद्धातले पाच, त्यातले दोघेच ते घ्यायला जिवंत होते : शीख रेजिमेंटचे करम सिंग आणि आपले राणे.

याशिवाय त्यांच्या नोकरीत पाच वेळा वरिष्ठांच्या युद्ध-अहवालात त्यांच्या नावाचा उल्लेख झाला. त्याला वेगळं पदक नसतं, फितीवर फक्त छोटंसं चिन्ह येतं. लोक ते विचारतही नाहीत. मला मात्र ते पाच उल्लेख महत्त्वाचे वाटतात. चार दिवसांचा माणूस नव्हता तो, एवढं त्यातून कळतं.

माझी चूक मला कळली 1999 मध्ये. कारगिलचं युद्ध नुकतंच संपलं होतं आणि खडकीला एका नातेवाइकाच्या लग्नाला गेलो होतो. मांडवात शेजारी बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले एक वयस्कर हवालदार बसले होते. बोलण्याच्या ओघात मी फुशारकीने सांगितलं, की शाळेत मी राण्यांवर भाषण करून बक्षीस मिळवलं आहे, आणि ते कसे धारातीर्थी पडले तेही सांगायला लागलो. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, की राणेसाहेब पाच वर्षांपूर्वी, 11 जुलै 1994 ला गेले. पुण्यातच, कमांड हॉस्पिटलमध्ये, आजारपणाने.

जेवण गेलं नाही त्या दिवशी. 1992 साली मी इंजिनांचं काम शिकायला आठ महिने पुण्यात होतो. ज्या माणसाला मी मारलं होतं तो त्याच शहरात राहत होता. रविवारी मोकळा असायचो, सिनेमे बघायचो. सायकलवर टांग टाकून गेलो असतो तर भेट झाली असती. पाया पडलो असतो, जहाजाची गोष्ट सांगितली असती, बाबांच्या नमस्काराची सांगितली असती.

घरी परतल्यावर बाबांना सांगितलं. मला वाटलं चिडतील, चौदा वर्षं खोटा नमस्कार करायला लावला म्हणून. त्यांनी जाळ्यावरून मान वर करून एवढंच विचारलं, की मग पुढे काय केलं त्याने? मला उत्तर देता आलं नाही. मेलेल्या माणसाला पुढे नसतं, म्हणून मी कधी पाहिलंच नव्हतं.

पुढे त्यांनी नोकरी केली. परमवीर चक्र मिळाल्यावरही रोज उठून कामावर जाणं होतंच. 1955 मध्ये लग्न झालं, संसार झाला. 1968 च्या जूनमध्ये, पन्नाशी पुरी होताना, मेजर म्हणून निवृत्त झाले. पण लष्कराने त्यांना पुन्हा कामावर घेतलं आणि ते 1971 च्या एप्रिलपर्यंत चाललं. शिपाई ते मेजर, एकतीस वर्षांच्या आसपास. नंतर पुणे. हे सगळं बाबांना सांगेपर्यंत बाबा राहिले, हे माझं नशीब. त्यांना त्यातलं काय पटलं असेल तर ते निवृत्तीनंतर पुन्हा कामावर जाणं. खलाशाचंही तसंच असतं, असं त्यांचं मत पडलं.

आपल्या मच्छीमार नगराचं नाव 2008 पासून पेपरात येतं ते एकाच रात्रीसाठी, त्या दहा जणांची बोट इथे लागली म्हणून. आमच्या दारातल्या रस्त्यालाही एका कॅप्टनचं नाव आहे, कॅप्टन प्रकाश पेठे मार्ग. जन्मभर ते नाव मी फक्त पत्त्यात लिहीत आलो. राण्यांच्या बाबतीत जे झालं त्यानंतर त्या पाटीखालून जाताना थोडं ओशाळल्यासारखं होतं.

ते जहाज आता नाही. तेलवाहू जहाजांचं आयुष्य पंचवीसेक वर्षांचं. ते संपलं तशी परमवीरांच्या नावांची ती जहाजंही सेवेतून गेली. 2023 च्या जानेवारीत अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणे द्वीप आहे.

चार वर्षांपूर्वी मी कारवारला जाऊन आलो. किनाऱ्यावर नौदलाची चपळ ही जुनी नौका संग्रहालय करून ठेवली आहे, आणि तिच्याजवळ राण्यांचा पुतळा आहे, 2006 साली बसवलेला. समोर समुद्र, वाळूत ओढलेल्या होड्या, सुकत घातलेली जाळी. आपल्याच वस्तीत असल्यासारखं वाटलं. पुतळ्याखाली जन्माचं आणि मृत्यूचं साल पाहिलं. मृत्यूच्या सालावर जरा वेळ डोळे ठेवून उभा राहिलो. बाबांचा नमस्कार बाबांसारखाच, छातीशी हात नेऊन, केला आणि गाडी पकडली.

स्नेहमेळाव्याला स्टीलचा तो डबा घेऊन येतो आहे. झाकण कधीच हरवलंय, पण तळाला शाळेचं नाव आणि साल अजून वाचता येतं. बाई येणार आहेत असं कळलं. त्यांना हे सगळं आधी तोंडी सांगेन, मग स्मरणिका हातात देईन.